शिथिल

अप्पांनी २ डिसेंबरच्या दुपारी नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या मोबाईलच्या दुकानात पन्नास रुपये देऊन ‘संचार साथी’ हे केंद्र सरकारचं ॲप फोनमध्ये टाकून घेतलं, आणि ३ डिसेंबरला सरकारने त्याची सक्ती मागे घेतली. पन्नास रुपयांचं दुःख त्यांना नव्हतं. सिडकोपासून रिक्षावाल्याने जे घेतले त्याचं होतं.

अप्पा माझे चुलते. निफाड तालुक्यात चार एकर, थोडी द्राक्षं, बाकी कांदा. मोतीबिंदू झालाय म्हणून आठवडाभर आमच्याकडे राहायला आले होते. नीट दिसत नसल्यामुळे ते टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. आणि नुसत्या ऐकणाऱ्या माणसाला बातमीतला एखादाच शब्द आधी ऐकू येतो. त्या दिवशी तो शब्द ‘सक्ती’ होता. मला ऑफिसात फोन आला, “अरे, ते काय म्हणू राहिले? नाही टाकलं तर फोन बंद पडंल का?” मी म्हटलं, अप्पा, संध्याकाळी घरी आल्यावर बघू. पण सरकारी कामात संध्याकाळपर्यंत थांबायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. तलाठी आज भेटला तर भेटला, नाहीतर पुढच्या आठवड्यात, अशा काळातला माणूस. ते एकटेच निघाले. दुकानदाराला म्हणाले, “सरकारी टाकून दे.” तो म्हणाला, “बाबा, सरकारी कोणतं? लई आहेत.”

हेच अप्पा १९८० च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या आंदोलनात खेरवाडीला रुळावर बसले होते. कांद्याला आणि उसाला भाव मागत होते. तिथे गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. अप्पा तेव्हा पंचविशीत. पोलिसांनी पकडल्यावर बरेच जण भलतंच नाव सांगत होते, यांनी स्वतःचं, बापाचं, गावाचं, सगळं खरं सांगितलं. का, असं विचारलं तर म्हणतात, “मग बसायचंच कशाला?” तो माणूस पंचेचाळीस वर्षांनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, एका ॲपसाठी, धावत एम. जी. रोड गाठतो. मला त्यांचं हसू आलं नाही. कारण मी स्वतः काय केलंय ते मला माहीत आहे. ते पुढे सांगतो.

आधी त्या आदेशाचं सांगतो, कारण गंमत त्यातच आहे. २८ नोव्हेंबर २०२५ चा दूरसंचार विभागाचा आदेश मुळात गिऱ्हाइकाला नव्हताच, तो मोबाईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना होता. ९० दिवसांत नव्या हँडसेटमध्ये हे ॲप आधीच टाकलेलं हवं, फोन पहिल्यांदा चालू करताना ते सहज दिसायला हवं, आणि त्याचं काम बंद किंवा कमी करता येता कामा नये. जे फोन बनून दुकानापर्यंत पोचलेत, त्यांत अपडेटमधून पाठवायचं. अप्पांनी काहीच करायचं नव्हतं. घरी बसून राहिले असते तरी कायदा पाळल्यासारखंच झालं असतं.

ॲप वाईट नाही, हेही सांगून टाकतो. चोरीला गेलेला फोन त्यातून बंद पाडता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डं फिरताहेत ते कळतं. माझ्या मेव्हण्याच्या नावावर एक असा नंबर निघाला की जो त्याने जन्मात घेतला नव्हता. त्याने स्वतःहून टाकलं होतं, कुणी सांगितलं म्हणून नाही. त्यामुळे माझं भांडण ॲपशी नाही. कुलूप चांगलं असतंच. पण ते माझ्या दाराला कुणी लावायचं आणि किल्ली कुणाकडे, हा वेगळा विषय आहे.

२ तारखेला केंद्रीय मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल तर काढून टाका. आदेशात तर बंद करता येऊ नये असं होतं. लोक गोंधळले, विरोधक बोलले, ॲपलसारखी कंपनी हे मानणार नाही अशाही बातम्या आल्या. ३ तारखेला प्रसिद्धिपत्रक आलं की आता सक्ती नाही. ते मी नंतर शांतपणे वाचलं. त्यात मागे घेण्याचं कारण असं दिलंय की लोकांनी ॲप आपणहून इतकं स्वीकारलंय की सक्तीची गरजच उरली नाही. १ कोटी ४० लाख लोकांनी ते घेतलेलं आहे, आणि शेवटच्या एका दिवसात तर ६ लाख नागरिकांनी नोंदणी केली, नेहमीच्या दहापट.

एका दिवसात ६ लाख. त्यातले एक आमचे अप्पा.

मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग म्हणाले, “म्हंजे मी घाबरून टाकलं ते त्यांनी आवडून टाकलं म्हणून मोजलं?” तसंच झालं, अप्पा. बाकीच्या ६ लाखांचं मला माहीत नाही, कुणाला खरंच उपयोगी वाटलं असेल. पण आमच्या घरातला एक आकडा चुकीच्या रकान्यात गेलाय, हे मी शपथेवर सांगू शकतो.

सरकारी मराठीत या सगळ्यासाठी एक फार गोड शब्द आहे, ‘शिथिल’. अट रद्द होत नाही, शिथिल होते. निर्बंध शिथिल, संचारबंदी शिथिल, वयोमर्यादा शिथिल. गाठ सुटत नाही, सैल होते. आणि सैल गाठ ज्याच्या हातात दोरी आहे त्याला कधीही आवळता येते, म्हणून ती सोडणाऱ्यापेक्षा सैल करणारा जास्त हुशार. आमच्याकडे गाय दाव्याला बांधतात तेव्हा दावं लांब ठेवतात. गाईला वाटतं मोकळं आहे. शेजारच्या घासापर्यंत जाईपर्यंत तिला खरंच वाटतं.

हा शब्द अप्पांना पाठ आहे, तो ई-पीक पाहणीमुळे.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सातबाऱ्यावर खाली पिकांची नोंद असते. ती पूर्वी तलाठी करायचा. शेतात जाऊन बघून करायची असा नियम, आणि पारावर बसून विचारून करायची असा रिवाज. कुणाच्या उसात कापूस, कुणाच्या पडीक रानात बाजरी. म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ॲप आलं. घोषवाक्य छान होतं, ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’. शेतकऱ्याने शेतात उभं राहून जीपीएस चालू करायचं, गट नंबर निवडायचा, पीक, लागवडीची तारीख, किती आर क्षेत्र, पाणी कशाचं, हे भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो टाकायचा. कल्पना मला आजही पटते. तलाठ्याच्या लेखणीतून आपली लेखणी आपल्या हातात येणं ही साधी गोष्ट नाही.

पण अप्पांच्या मळ्यात रेंज येते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर. तिथून कांदा दिसतो, पण कांद्यातून सर्व्हर दिसत नाही. फोटो काढायचा, घरी जायचं, अपलोड करायचं, तोवर काहीतरी गोल गोल फिरत राहायचं. पहिल्या वर्षी माझ्या चुलत भावाने दिवाळीला येऊन भरून दिलं. पुढच्या वर्षी तो आला नाही. राहून गेलं. राहून गेलं म्हणून काही बिघडलंही नाही, जोपर्यंत ते कशाला जोडलेलं नव्हतं तोपर्यंत.

मग २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. लाल कांदा कोसळला. लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. विकावा तर गाडीभाडं अंगावर येतं आणि ठेवावा तर लाल कांदा टिकत नाही, त्याला उन्हाळ कांद्यासारखं चाळीत भरून महिनोन्महिने दम धरता येत नाही. अधिवेशनात गाजलं, सरकारने आधी ३०० आणि मग ३५० रुपये क्विंटलला अनुदान जाहीर केलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेला कांदा. अप्पांच्या हिशोबात ९० क्विंटलचे साडेएकतीस हजार बसत होते. पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, सगळ्या जपून ठेवलेल्या. बाजार समितीत अर्ज न्यायला गेले तर सातबारा मागितला, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची कांद्याची नोंद पाहिजे. नोंद नाही. म्हणजे कांदा पिकला, काढला, विकला, मातीमोल गेला, त्याची पावती आहे, पण तो लावला होता हे सिद्ध होत नाही.

अप्पा त्या दिवशी काउंटरवरच्या पोराला म्हणाले म्हणे, “मग मी विकला तो कुणाचा होता?” पोराने मान वर न करता सांगितलं, “बाबा, मला विचारू नका.” पोराचं चुकलं नाही. मी त्या पोराच्या जागी बसलेलो आहे.

ओरड झाली. एप्रिलमध्ये अट शिथिल. ज्यांच्या सातबाऱ्यावर नोंद नाही त्यांच्यासाठी गावपातळीवरच्या समितीने पाहणी करून अहवाल द्यायचा. आता बघा, कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये विकून झाला आणि एप्रिलमध्ये तो होता की नाही याची पाहणी. अप्पांनी समितीला नांगरलेलं रान दाखवलं, बांधावर वाळलेली पात दाखवली. त्यांनी लिहून घेतलं. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने आले, ते नाही म्हणत नाही. पण त्यानंतर अप्पांनी एक गोष्ट केली. चुलत भावाला फर्मान सोडलं की दर हंगामाला, काही झालं तरी, ॲप भरायचं. म्हणजे अट शिथिल झाली आणि अप्पांसाठी तेव्हापासूनच ती खरी घट्ट झाली. २०२४ मध्ये कापूस-सोयाबीनच्या अनुदानाला पुन्हा तीच अट आली, पुन्हा ओरड, पुन्हा शिथिल. अप्पांचा ना कापूस ना सोयाबीन, तरी बातमी ऐकून ते म्हणाले, “आता ह्यांनी सैल केलं का समजायचं, पुढच्या टायमाला लागणार.”

आता माझं.

मे २०२०. अंबड एमआयडीसीत आमची कंपनी परवानगी घेऊन नुकतीच सुरू झालेली. गाड्यांचे पार्ट बनवतो. मी टाइम ऑफिसला. १ मेच्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात लिहिलेलं होतं की सरकारी असो की खाजगी, सगळ्या कर्मचाऱ्यांना करोनाचा संपर्क शोधणारं आरोग्य सेतू ॲप अनिवार्य, आणि शंभर टक्के लोकांकडे ते आहे हे बघण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. संस्थाप्रमुखाने ती एचआरवर टाकली, एचआरने माझ्यावर. मी दोनशे पानी लाँगबुक घेतलं आणि पट्टीने रेघा मारल्या. अनुक्रमांक, नाव, टेम्परेचर, सेतू, सही. ‘सेतू’ हा रकाना मी आखला. त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं, आणि नाही असेल तर आत सोडायचं नाही. हे शेवटचं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

पेठ तालुक्याकडचा एक हेल्पर होता, कंत्राटदाराच्या हजेरीवरचा. बटणांचा फोन. अशा फोनवाल्यांसाठी १९२१ हा टोल फ्री नंबर सरकारने तोवर सुरू केला होता, मिस्ड कॉल द्यायचा, मग ते उलट फोन करून प्रकृती विचारणार. मला ते माहीत होतं. पण माझ्या रजिस्टरात त्याला रकाना नव्हता. मी त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही तो आला, दुसऱ्या दिवशीही पाठवलं. दीड महिना कामधंदा बंद असलेल्या माणसाचे दोन दिवस भरले नाहीत. तो एक शब्द बोलला नाही. गेटसमोर लिंबाखाली थोडा वेळ बसला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी तो मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन आला. त्याच्या मेव्हण्याचा होता, हे मला त्याच्या पकडण्यावरूनच कळलं. ॲप उघडलं, हिरवं होतं. तुम्ही सुरक्षित आहात, असं लिहिलेलं. मेव्हणा सुरक्षित होता. मी रकान्यात ‘हो’ लिहिलं आणि याला आत सोडलं. फोन दुपारपर्यंत वॉचमनच्या टेबलावर ठेवला, कारण मेव्हणा तो दुपारी घेऊन जाणार होता. त्यालाही दुसऱ्या कंपनीच्या गेटवर तोच दाखवायचा होता.

मला त्या वेळी हसू आलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तीही हसली. वाईट वाटायला मला दोन-तीन वर्षं लागली.

१७ मेला नवे निर्देश आले. त्यात भाषा बदलली. आता ‘अनिवार्य’ नव्हतं, ज्यांच्याकडे चालणारा फोन आहे अशा कर्मचाऱ्यांनी ॲप घ्यावं यासाठी मालकांनी जमेल तेवढा प्रयत्न करावा, एवढंच होतं. त्याच रात्री एका ग्रुपवर पीडीएफ आली. मी वाचली. दोनदा वाचली. सकाळी साहेबांना म्हटलं, सर, ते सेतूचं आता कम्पल्सरी नाही राहिलं. साहेब म्हणाले, “राहू द्या हो. ऑडिटला मागितलं तर?” मीही राहू दिलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण रजिस्टर बंद केलं आणि उद्या कुणाला करोना निघाला तर बोट माझ्याकडे. चालू ठेवणाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

ते दिवाळीपर्यंत चाललं. त्या ऑक्टोबरात एक भारी बातमी आली होती. आरोग्य सेतू कुणी बनवलं, असं माहिती अधिकारात विचारलं तर संबंधित सरकारी खात्यांना नीट सांगता येईना, आणि केंद्रीय माहिती आयोगाने त्यांना कारणे दाखवा नोटीस काढली. ती बातमी मी गेटवर बसून वाचली, मधेच थांबून एका पोराच्या नावापुढे ‘हो’ लिहिलं आणि पुढे वाचली. मग दुसरं लाँगबुक संपलं. तिसरं मागवायची चिठ्ठी स्टोअरला दिली, त्यावर कुणी सही केली नाही, आणि आमच्या कंपनीपुरती आरोग्य सेतूची सक्ती संपली. गृह मंत्रालयाने नाही, स्टोअरने संपवली.

२०२३ साली संसदेत सरकारने सांगितलं की आरोग्य सेतूतली संपर्क शोधण्याची सोय बंद केली आहे आणि त्यातून गोळा झालेली माहिती काढून टाकली आहे. चांगलं आहे. माझी दोन लाँगबुकं मात्र रेकॉर्ड रूममध्ये आहेत. मागच्या वर्षी ऑडिटच्या वेळी कपाट उघडलं तेव्हा दिसली. त्या हेल्परचं पान मी शोधलं नाही.

मे २०२० मध्येच न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी या सक्तीबद्दल एक साधा प्रश्न विचारला होता. कोणत्या कायद्याखाली? ते सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, आणि माहिती-संरक्षणाच्या कायद्याचा पहिला मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, या सक्तीला कायद्याचा आधारच नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं होतं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे आणि त्यात शिरायचं तर आधी कायदा पाहिजे, मग खरी गरज पाहिजे, आणि मग गरजेएवढंच शिरायचं. यातली पहिली पायरीच माझ्या गेटवर कुणी चढलं नव्हतं. मीही नाही. मला वाटायचं पीडीएफ म्हणजेच कायदा. तिच्यावर सिंह होते.

तेव्हापासून मी एका विचित्र निष्कर्षावर आलोय, आणि तो मित्रांना सांगितला की ते चमकतात. एखादं सरकारी ॲप सगळ्यांना सक्तीचं करायचंच असेल तर त्यासाठी रीतसर कायदा करा. विधानसभेत आणा, विधान परिषदेत आणा, भांडा, मतदान घ्या, राजपत्रात छापा. मित्र म्हणतात, तू तर सक्तीच्या बाजूचा निघालास. अरे, नाही. कायदा केला तर तो रद्द तरी करता येईल. जी गोष्ट दारातून आली तिला दार दाखवता येतं. परिपत्रकाने, शासन निर्णयाने, कुणाच्या तरी तोंडी ‘साहेबांनी सांगितलंय’ने जे आलं, ते घालवायचं कुणी आणि कुठून?

तीन कृषी कायद्यांचं बघा. अप्पा आणि माझं त्यावर कधी एकमत झालं नाही, त्यांना त्यातलं बाजार समितीबाहेर विकायचं कलम आवडलं होतं, माझं मत वेगळं. २०२० च्या डिसेंबरात इथल्या गोल्फ क्लब मैदानावरून शेतकरी गाड्या घेऊन दिल्लीला निघाले तेव्हा आम्ही फोनवर अर्धा तास भांडलो. पण १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी घोषणा केली आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी कायदे मागे घेण्याचं विधेयक मंजूर झालं. चर्चेविना झालं, त्याचा मला राग आहे. तरी झालं. दुसऱ्या दिवशी देशातल्या कुठल्याच काउंटरवर कुणाला शंका नव्हती की ते कायदे आहेत की गेले. अप्पा, जे त्या कायद्यांच्या बाजूचे होते, तेसुद्धा म्हणाले, “आता संपलं. शिक्का बसला.”

कायद्याच्या मराठीत याला ‘निरसन’ म्हणतात. शंकानिरसनातलं निरसन. महाराष्ट्रातल्या कित्येक अधिनियमांच्या शेवटी एक कलम असतं, त्याचा मथळा ‘निरसन व व्यावृत्ती’. व्यावृत्ती म्हणजे असं की जुना कायदा गेला तरी त्याच्या अमलात जे जे केलं गेलं ते केलेलंच राहतं, नाहीतर सगळा घोळ होईल. मला ही जोडी फार शहाणी वाटते. घालवताना मागे काय उरतं याचाही हिशोब त्याच कलमात. शिथिल करणाऱ्यावर असा हिशोब द्यायची वेळच येत नाही. पेठच्या माणसाची दोन दिवसांची हजेरी कोणत्या कलमात व्यावृत्त झाली, हे विचारायला जागाच नाही, कारण निरसनच झालं नाही.

अर्थात रीतसर जाऊनही काही गोष्टी राहतात. नाशिकची जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला, मग जीएसटी. पण आजही बसमध्ये माणूस कंडक्टरला सांगतो, “जकात नाका द्या.” विल्होळीकडे असो की आडगावकडे. तिथे आता ट्रक अडवायला कुणी नाही, पावती फाडायला कुणी नाही, थांब्याला नाव तेवढं आहे. माझे वडील जकात नाक्यावर आंब्याची एक पेटी आणतानासुद्धा आवाज बारीक करायचे, आणि नाका गेल्यावरही त्या वळणावर त्यांचा स्कूटरचा वेग आपोआप कमी व्हायचा. मला तेव्हा ती त्यांची सवय वाटायची.

सिंहस्थ जवळ आलाय. गोदाघाटापासून त्र्यंबकपर्यंत खोदकाम चालू आहे. गर्दी सांभाळायला ॲप येतील, यायलाही हवीत, एवढ्या माणसांचं नुसत्या शिट्टीवर होत नाही. माझी मागणी एवढीच की ज्याच्याकडे फोन नाही त्याचाही रकाना आधी आखा. रेघा मारणाऱ्या माणसाला ते पट्टी हातात घेतल्यावर सुचत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

तर ३ डिसेंबरची रात्र. जेवणं झाली. अप्पा सोफ्यावर, फोन मांडीवर. मी म्हटलं, “अप्पा, द्या इकडे, काढून टाकतो ते. आता गरज नाही.”

त्यांनी फोन दिला नाही. विचार करत बसले.

“काढलं तर त्यांना कळतं का?”

मी म्हटलं, “नाही अप्पा, कुणाला कळत नाही. काही होत नाही. कुणी बघायला येत नाही.”

“कळत नाही?”

“नाही.”

अप्पांनी फोन खिशात घातला. “मग राहू दे,” म्हणाले. “कळत असतं तर काढलं असतं.”